मुक्या प्राण्यांचे तयार अन्न : भेसळ, कायदा आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

जो माल गिऱ्हाईक स्वतः चाखून पाहू शकते, त्या मालाचे खरे परीक्षक गिऱ्हाईकच असते. तांदूळ नवा की जुना, तूप शुद्ध की मिश्र, हरभऱ्याच्या डाळीला भुंगा लागला आहे काय, हे घरची गृहिणी मूठभर माल हातात घेऊन सांगू शकते. आणि एकदा फसली तर दुसऱ्यांदा त्या दुकानाची पायरी चढत नाही. परंतु जेथे विकत घेणारा एक व खाणारा दुसरा, आणि त्या खाणाऱ्यास वाचा नाही, तेथे परीक्षेचा हा स्वाभाविक मार्ग खुंटतो. कुत्र्यामांजरांसाठी डब्यांत व पुड्यांत भरून विकले जाणारे तयार अन्न हा असाच माल होय. मालक वेष्टनावरील अक्षरे वाचतो, जनावर मुकाट्याने खाते, आणि काही बिघडलेच तर ते पोटात शिरून कित्येक दिवस लोटल्यावर उघडकीस येते.

आपल्या मंडळातील बहुसंख्य व्यापारी मांसमिश्रित डबे दुकानात ठेवीत नाहीत. तेव्हा या विषयाशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, त्या डब्यांत जे पदार्थ पडतात त्यांपैकी पुष्कळसे आपल्याच पेढ्यांवरून व गोदामांतून जाणारे आहेत. मका, तांदळाची कणी, गव्हाचे सत्त्व, भुईमुगाची पेंड, सोयाबीनची पेंड, गवारीचा डिंक हा आपला नित्याचा व्यवहार आहे. शिवाय ज्या पांजरपोळांना आपण पेंडीच्या व भुशाच्या गोणी पाठवितो, तेथील जनावरांचे आरोग्यही याच मालाच्या शुद्धतेवर अवलंबून आहे. म्हणून परदेशात घडलेल्या काही घटनांचा आणि त्यांतून निर्माण झालेल्या कायद्यांचा येथे थोडक्यात परामर्श घेण्याचे योजिले आहे.

वेष्टनावरील भाषा

अमेरिकेत या अन्नाचा खप फार मोठा असल्याने वेष्टनासंबंधीचे संकेतही तेथे तपशीलवार ठरलेले आहेत. घटक पदार्थांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. प्रथिने व स्निग्धांश किमान किती, तंतू व पाण्याचा अंश कमाल किती, हेही द्यावे लागते. मालाच्या नावासंबंधीचे नियम तर मोठे मौजेचे आहेत. एखाद्या घटकाचे नाव सरळ मालाच्या नावात घालावयाचे असेल तर, प्रक्रियेचे पाणी वगळता, तो घटक ९५ टक्के हवा. नावापुढे ‘डिनर’ यासारखा शब्द जोडला की २५ टक्के पुरे. ‘अमुक घटकासह’ असे म्हटले की ३ टक्क्यांवर भागते; आणि नुसता ‘स्वाद’ म्हटला की तो घटक ओळखण्याइतका असला म्हणजे झाले. एका शब्दाच्या फरकाने ९५ चे ३ होतात, हे सामान्य ग्राहकाच्या ध्यानात सहसा येत नाही.

हे संकेत ठरविणारी जी संस्था आहे, ती अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांची १९०९ साली स्थापन झालेली संघटना होय. ती नमुना-नियम करते. परंतु मालास मंजुरी देत नाही व स्वतः शिक्षाही करीत नाही. नियम अमलात आणणे हे निरनिराळ्या राज्यांचे व मध्यवर्ती अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे. १९३८ च्या मध्यवर्ती कायद्यानुसार प्राण्यांचे अन्नही माणसांच्या अन्नाप्रमाणेच शुद्ध असावे, निर्मळ जागी तयार व्हावे आणि त्यावरील मजकूर खरा असावा, असे बंधन आहे. तथापि माल बाजारात येण्यापूर्वी सरकारची संमती घ्यावी लागत नाही. म्हणजे कायदा शुद्धतेची अपेक्षा करतो. ती अपेक्षा पुरी झाली की नाही हे मात्र पुष्कळदा माल खपल्यावरच कळते.

सन २००७ चा प्रसंग

ही उणीव किती महाग पडू शकते हे २००७ साली दिसून आले. त्या वर्षी १६ मार्च रोजी मेनू फूड्स या कॅनडातील मोठ्या उत्पादक कंपनीने रश्श्यासह भरलेले सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत मागविली. हा माल ३ डिसेंबर २००६ ते ६ मार्च २००७ या काळात तयार झालेला होता. आश्चर्याची गोष्ट अशी की, महागड्या व स्वस्त अशा जवळजवळ शंभर निरनिराळ्या नावांनी विकला जाणारा हा माल एकाच कंपनीच्या कारखान्यांतून निघत असे. ग्राहक दुकानात एक नाव टाकून दुसरे उचलीत होता, आणि कढई मात्र एकच होती.

मांजरे व कुत्री खाणे टाकीत, वारंवार पाणी पीत, आणि थोड्याच दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. कंपनीने रुचीच्या चाचणीसाठी ज्या जनावरांस हे अन्न घातले, त्यांतीलही काही दगावली. प्रथम २३ मार्च रोजी न्यूयॉर्क राज्यातील प्रयोगशाळेने उंदरांच्या विषाचा संशय व्यक्त केला. परंतु त्यास पुढे दुजोरा मिळाला नाही. अखेर ३० मार्च रोजी अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले की, रस्सा दाट करण्यासाठी वापरलेल्या गव्हाच्या सत्त्वात, म्हणजे ग्लुटेनमध्ये, मेलामाइन हे रसायन सापडले आहे. मेलामाइनपासून ताटे-वाट्या व फर्निचरवरील चकचकीत पत्रे बनवितात. अन्नाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

हे सत्त्व चीनमधील शूचौ आनयिंग या कंपनीकडून केमन्यूट्रा नावाच्या अमेरिकन आयातदाराने मागविले होते. अमेरिकन सरकारच्या आरोपपत्रानुसार नोव्हेंबर २००६ ते फेब्रुवारी २००७ या काळात तेरा खेपांत ८०० टनांहून अधिक असा माल आला आणि त्याची किंमत सुमारे साडेआठ लाख डॉलर होती. पुढे तांदळाच्या प्रथिनांच्या दुसऱ्या एका चिनी मालातही तेच रसायन आढळले. मे महिन्यात आणखी उलगडा झाला तो असा की, ‘सत्त्व’ व ‘प्रथिने’ म्हणून आलेला हा माल वस्तुतः साधे गव्हाचे पीठच होते. पिठास सत्त्वाचा भाव मिळावा एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता.

नत्राचा हिशेब

आता साध्या पिठात हे रसायन मिसळल्याने ते सत्त्व म्हणून कसे खपले, हे समजून घेणे प्रत्येक धान्यव्यापाऱ्यास अगत्याचे आहे. मालातील प्रथिने प्रत्यक्ष मोजणे खर्चाचे व वेळखाऊ काम आहे. म्हणून कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली शोधून काढलेली एक सोपी पद्धत जगभर रूढ झाली. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नत्र असतो. तेव्हा मालातील नत्र मोजावयाचा आणि त्यास ६.२५ ने गुणावयाचे. येईल तो आकडा प्रथिनांचा. दाखल्यावर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो असा आडमार्गाने आलेला असतो.

या रीतीत गृहीत असे की, मालात जो नत्र आहे तो प्रथिनांचाच आहे. भेसळ करणाऱ्याने नेमके येथेच बोट घातले. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन-तृतीयांश नत्र असतो. म्हणजे एक किलो मेलामाइन मिसळले की चाचणीत सुमारे ४.१७ किलो ‘प्रथिने’ वाढल्यासारखी दिसतात. शंभर किलो पिठात खरी प्रथिने १० टक्के असतील, तर एवढ्या एका किलोच्या भरीने तो आकडा १४ वर जातो. युरियाचा प्रताप याच जातीचा. त्यात ४६ टक्के नत्र असल्याने एक किलो युरिया जवळजवळ २.९ किलो प्रथिनांचे सोंग घेतो. रवंथ करणाऱ्या गायीम्हशींच्या पोटातील सूक्ष्म जंतू मर्यादित युरियापासून प्रथिने तयार करू शकतात. कुत्रे, मांजर वा कोंबडी यांस ती शक्ती नाही. त्यांच्या दृष्टीने तो आकडा केवळ कागदावरचा असतो.

सोने कसोटीवर घासून पाहावे, तर कसोटीलाच फसविणारा मुलामा कोणी शोधून काढावा, तसा हा प्रकार झाला. मालाबरोबर पृथक्करणाचा दाखला असणे आणि माल खरा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे यावरून सिद्ध होते.

दोन सौम्य द्रव्यांचा घातक संयोग

येथे एक शंका उत्पन्न होते. एकटे मेलामाइन थोड्या प्रमाणात फारसे विषारी नाही. मग जनावरे मेली का? कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी याचा उलगडा केला. मेलामाइनबरोबर सायन्युरिक ॲसिड नावाचे दुसरे एक द्रव्यही त्या मालात होते. तेही एकटे असता सौम्यच. परंतु दोहोंचा मिलाफ झाला की न विरघळणारे खडे तयार होतात, आणि ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत अडकून मूत्राचा मार्ग बंद करतात. आशियातील काही देशांत २००४ साली अनेक कुत्री अशीच दगावली होती. त्या वेळी दोष बुरशीच्या विषावर ठेवण्यात आला. २००७ नंतर जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले तेव्हा हेच दोन पदार्थ कारण असल्याचे दिसून आले. नमुने टाकून दिले असते तर सत्य कायमचे झाकले गेले असते.

अमेरिकेतील पशुमालकांनी प्रशासनास ज्या तक्रारी कळविल्या, त्यांवरून सुमारे १,९५० मांजरे व २,२०० कुत्री या अन्नाने मेली असावीत असा अंदाज निघाला. प्रयोगशाळेत निश्चित ठरलेले मृत्यू मात्र अगदी थोडे होते. कारण माणसाच्या मृत्यूची जशी नोंद व चौकशी होते तशी जनावराच्या मृत्यूची होत नाही. मुक्या प्राण्याचे दुःख आकड्यांतही मुकेच राहते.

परंतु हा इशारा केवळ जनावरांपुरता नव्हता. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, चीनमध्ये हेच रसायन लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीत आढळले. पाणी घातलेल्या दुधातील प्रथिनांचा आकडा पुरा दिसावा म्हणून ते मिसळले होते. सहा बालके मृत्यू पावली व जवळजवळ तीन लाख आजारी पडली. पुढे या प्रकरणी तेथे दोघांना देहान्ताची शिक्षा झाली. भारत सरकारनेही चीनमधून येणाऱ्या दुधावर व दुग्धजन्य पदार्थांवर त्याच महिन्यात बंदी घातली आणि ती पुढे वेळोवेळी वाढविली. जनावरांच्या अन्नातील फसवणुकीकडे क्षुल्लक म्हणून पाहिले, तर तीच फसवणूक पुढच्याच वर्षी पाळण्यापर्यंत पोहोचते, असा याचा अर्थ आहे.

बुरशीचे विष

सर्वच अपाय हेतुपूर्वक केलेल्या भेसळीने होतात असे नाही. कित्येकदा निष्काळजीपणाच पुरेसा असतो. इंग्लंडात १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मेले. शोधाअंती त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. त्यासच अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ओलसर मका, शेंगदाणे, सरकी व त्यांची पेंड यांत ही बुरशी वाढते आणि यकृतावर घाला घालते. अन्न शिजविल्याने किंवा भाजल्याने हे विष पुरतेपणी नष्ट होत नाही.

आपल्या बडोद्याच्या वाचकांस याचे एक शेजारचे उदाहरण सांगता येईल. १९७४ च्या अखेरीस पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांतील आदिवासी खेड्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यामुळे काविळीची साथ पसरली. रुग्णालयात आलेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ मृत्यू पावले. त्याच घरांतील कुत्रीही पोट फुगून मेल्याचे तपासणाऱ्या वैद्यांना आढळले. एकाच कणगीतील मका दोघांच्या पोटी गेला होता.

अमेरिकेत २००५ च्या डिसेंबरात व पुन्हा २०२० च्या अखेरीस कुत्र्यांच्या तयार अन्नात हेच विष आढळले. दुसऱ्या प्रसंगी जानेवारी २०२१ पर्यंत ११० हून अधिक कुत्री मेल्याची नोंद प्रशासनाकडे झाली. तेथील मर्यादा अब्जात २० भाग अशी आहे. म्हणजे टनामागे केवळ २० मिलिग्रॅम. इतक्या अल्प प्रमाणासही महत्त्व येण्याचे कारण असे की, माणूस आज भाकरी, उद्या भात असा पालट करतो. पाळीव कुत्र्यास मात्र तीच पिशवी संपेपर्यंत रोज तेच खावे लागते. त्यातून हे विष साऱ्या ढिगात सारखे पसरलेले नसते. दहा गोणी स्वच्छ व अकरावी विषारी असे होऊ शकते. म्हणून एका गोणीतून काढलेली वानगी येथे निरुपयोगी ठरते. अनेक गोण्यांतून, वरून, मधून व तळातून माल काढून तो एकत्र करूनच तपासला पाहिजे.

कायद्याची वाटचाल

या घटनांनंतर अमेरिकेत २०११ साली अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला. त्याने प्रशासनास सदोष अन्न सक्तीने परत मागविण्याचा अधिकार दिला. तत्पूर्वी ते बहुतांशी उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून असे. २०१५ साली झालेल्या नियमांनी प्राण्यांच्या अन्नाच्या कारखानदारांवर असे बंधन घातले की, आपल्या मालात कोणते धोके संभवतात याचा आगाऊ विचार करून त्यांच्या निवारणाची लेखी योजना ठेवावी. आयातदारांवरही परदेशी पुरवठादाराची खातरजमा करण्याची जबाबदारी टाकण्यात आली. रोग झाल्यावर औषध या धोरणाऐवजी रोग न होऊ देणे हे धोरण आले.

आपल्या देशाची स्थिती थोडी निराळी आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमातील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. भारतीय मानक ब्यूरोने कुत्र्यामांजरांच्या अन्नासाठी आयएस ११९६८ व गुरांच्या मिश्रखाद्यासाठी आयएस २०५२ ही मानके ठरविली आहेत. प्राणिज घटक असलेला माल परदेशातून आणावयाचा तर पशुसंवर्धन खात्याचा आरोग्यविषयक आयात-परवाना लागतो; आणि बंद वेष्टनावरील वजन, उत्पादकाचे नाव इत्यादी मजकूर वजनमापांच्या कायद्याखाली येतो. म्हणजे निरनिराळी दारे निरनिराळ्या पहारेकऱ्यांकडे आहेत. अशा वेळी व्यापाऱ्याची स्वतःची दक्षता हाच मुख्य पहारा होय.

आपला माल परदेशात जातो तेव्हा तेथील पहारा किती कडक असतो याचाही अनुभव आहे. गवारीचा डिंक हा राजस्थान, हरियाणा व गुजरातचा मोठा निर्यात-माल. माणसांच्या खाद्यपदार्थांप्रमाणेच जनावरांच्या डब्यांतील रस्सा दाट करण्यासही तो वापरतात. २००७ च्या जुलैत युरोपात पोहोचलेल्या भारतीय डिंकाच्या काही मालात पेन्टाक्लोरोफिनॉल व डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये आढळली. एप्रिल २००८ मध्ये युरोपीय आयोगाने असा निर्णय केला की, भारतातून येणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर पृथक्करणाचा अधिकृत दाखला हवा आणि पेन्टाक्लोरोफिनॉलचे प्रमाण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. दोष थोड्या मालाचा. पण चाचणीचा खर्च व विलंब सर्वच निर्यातदारांच्या माथी बसला. एकाची लबाडी किंवा गाफिलपणा हा साऱ्या बाजारावरील कर होतो, तो असा.

व्यापाऱ्याने काय करावे

मधला व्यापारी पुष्कळदा म्हणतो, “मी माल बनविला नाही, आला तसा दिला. मला काय ठाऊक?” केमन्यूट्राच्या खटल्यात या प्रश्नाचे उत्तर मिळाले. त्या कंपनीने व तिच्या मालकांनी २००९ साली भेसळयुक्त व खोट्या नावाचे अन्न विकल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्यांना दंड व परिवीक्षेची शिक्षा झाली. हा गुन्हा सिद्ध होण्यास विक्रेत्याला भेसळ ठाऊक होती असे दाखविण्याची गरज तेथील कायद्यात नाही. विकला, एवढे पुरे. शिवाय या प्रकरणातील निरनिराळ्या कंपन्यांनी मिळून पशुमालकांना भरपाई देण्यासाठी २ कोटी ४० लाख डॉलरांचा निधी २००८ साली मान्य केला. साडेआठ लाखांच्या मालापायी ही रक्कम अठ्ठावीस पटीहून अधिक झाली. भेसळीचा नफा एकाच्या खिशात गेला व तोटा मात्र सर्वांनी वाटून घेतला.

यावरून काही व्यावहारिक नियम सहज निघतात. बाजारभावाहून फारच उतरत्या भावाने कोणी सत्त्व वा पेंड देऊ लागला, तर तो सौदा पदरात पाडून घेण्यापूर्वी ते भाव त्याला कसे परवडतात, याचा विचार करावा. दाखल्यावर प्रथिनांचा आकडा असेल तर तो नत्रावरून काढला आहे काय हे विचारावे, आणि मोठ्या सौद्यात युरिया व मेलामाइन यांची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. मका व भुईमूग यांची ओल गोदामात घेण्यापूर्वी मोजावी. पावसात भिजलेल्या गोण्या कोरड्या मालाच्या थप्पीस लावू नयेत. प्रत्येक खेपेस क्रमांक देऊन ती कोणाकडून आली व कोणास गेली याची वहीत नोंद ठेवावी, म्हणजे प्रसंग पडल्यास सहा कोटी डब्यांऐवजी सहाशे गोण्याच परत मागविता येतील. आणि प्रत्येक खेपेची मोहोरबंद वानगी माल संपून जाईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही काही काळ, जपून ठेवावी. २००४ चे सत्य अशा जपून ठेवलेल्या नमुन्यांनीच उजेडात आणले, हे विसरता कामा नये.

हे सर्व करण्यास थोडा खर्च येतो व थोडा वेळ मोडतो, हे खरे. परंतु व्यापाराचा पाया जी पत, ती केवळ देण्याघेण्याच्या चोखपणावर उभी नसते. जो माल आपल्या नावाने पुढे जातो त्याच्या खरेपणावरही ती उभी असते. हुंडी न वटली तर धनको दाराशी येऊन जाब विचारतो. सदोष अन्न खाऊन मेलेले जनावर जाब विचारावयास येत नाही. म्हणूनच त्याच्या वाट्याच्या मालाचा हिशेब व्यापाऱ्याने अधिक काटेकोरपणे ठेवला पाहिजे.